आठ जीबीची वाटणी

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या गड्याला गल्लीत सगळे 'आहेत्यात' म्हणत. कुणी बंद पडलेलं मशीन घेऊन आलं, की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "नवीन काही घेऊ नका, आहे त्यात भागवू." नवीन वस्तू विकून दुकानं वाढतात हे त्याला कळत नव्हतं असं नाही, पण धडधाकट वस्तू टाकून द्यायची म्हटलं की त्याच्या जिवावर येई. परिणामी दुकान होतं तेवढंच राहिलं. एक टेबल, दोन खुर्च्या, आणि त्यातल्या एकीच्या चौथ्या पायाच्या जागी विटा. "नवराही आहे त्यातच भागवला मी," असं त्याची बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे.

एकाच माणसापुढे त्याची मात्रा चालत नसे. सासरे. सासरे सुतार, हयात लाकडात गेलेली, कानामागे पेन्सिल कायमची. जावयाच्या धंद्याविषयी त्यांचं मत एका दमात सांगून व्हायचं: "डबा उघडायचा, फुंकर मारायची, डबा बंद करायचा. ह्याला काम म्हणतात?" जावई त्यांना मामा म्हणे.

एके दिवशी दुपारी बाराला मामांचा फोन आला. "जावईबापू, मोकळे आहात का?"

'बापू' ऐकल्याबरोबर त्यानं ओळखलं, प्रकरण गंभीर आहे. त्यानं पिशवी उचलली आणि सायकल हाणली.

वर्कशॉपमध्ये भुशाच्या ढिगांमधून वाट काढत तो कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरपाशी पोचला. त्यावर जुनी चादर पांघरलेली असे, ती आज बाजूला फेकलेली. शाळेच्या वाचनालयाची कपाटं मामांना करायची होती. महिनाभर खपून त्यांनी कपाटांचं चित्र कॉम्प्युटरवर काढलं होतं, चारी बाजूंनी फिरवून बघता येईल असं. लेकीनं शिकवलं होतं त्यांना. पण काल प्रोग्राम अपडेट होऊन नवा झाला आणि आज तो उघडेचना. ग्राफिक्स मेमरी कमी, किमान एक जीबी हवी, एवढंच सांगून गप्प बसे.

"चारला मुख्याध्यापिका येतायत," मामा म्हणाले. "फर्निचरच्या शोरूमवाल्यानं कालच त्यांना फिरतं चित्र दाखवलंय. माझं दिसलं नाही तर काम त्याचं. कॉम्प्युटरचा दुकानदार म्हणतो, नवीन ग्राफिक्स कार्ड बसवा. उद्या मिळेल."

"उद्या कशाला? आहे त्यात..."

"माहितेय! पुढे बोला."

ह्या मशीनमध्ये चित्रासाठी वेगळी मेमरी नव्हतीच. मुख्य मेमरी आठ जीबी, त्यातलाच जेमतेम पाव जीबी चित्राच्या नावावर बाजूला काढलेला. जावयानं मशीन पुन्हा सुरू केलं, सुरू होता होता डिलीट बटण दाबून सेटिंगचं पान उघडलं आणि वाटा वाढवायला घेतला. एक जीबी पुरला असता. पण सासरा डोक्यावर उभा. गड्यानं थेट चार जीबी देऊन टाकले.

प्रोग्राम उघडला. जावयाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग मामांनी कपाटांचं चित्र उघडलं आणि ते उघडतच राहिलं. दहा मिनिटं झाली तरी दोन फळ्या आणि एक बिजागरी. माउसचा बाण हलवावा तर तो गुडघे दुखत असल्यासारखा चाले.

"हात दाखवून अवलक्षण," मामा म्हणाले. "काय केलंत?"

"अर्धी मेमरी चित्राला दिली."

"आणि बाकी कामाला?"

"उरली ती."

मामांनी पेन्सिल काढली आणि शेजारच्या प्लायवर टकटक केली. "अहो, एका फळीतून दार एवढं थोरलं काढलंत तर कप्पे कशाचे करू? दाराला दारापुरतं द्या की!"

गेली दहा वर्षं जावई गिऱ्हाइकांना हेच समजावत होता, फक्त इतक्या सोप्या शब्दांत त्याला कधी जमलं नव्हतं. त्यानं मशीन बंद करून सुरू केलं, चाराचा एक केला. चित्र उघडलं. मामांनी बोटानं माउस ढकलला आणि सगळं वाचनालय भोवऱ्यासारखं गरकन फिरलं.

चारच्या ठोक्याला मुख्याध्यापिका आल्या. भुसा चुकवत उभ्या राहिल्या, चित्र पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "खालचा कप्पा अजून खाली येईल? पहिलीच्या मुलांचा हात पोचला पाहिजे." मामांनी कप्पा तिथल्या तिथे खाली सरकवला. बाईंनी वाकून पडद्यासमोर पहिलीतल्या मुलाच्या उंचीवर हात धरून पाहिला आणि म्हणाल्या, "सोमवारी मापं घ्यायला या." शोरूमवाल्यांना, त्या म्हणाल्या, कप्पा हलवायला दोन दिवस हवे होते.

निघताना त्यांनी जावयाकडे पाहिलं. "हे कोण?"

"आमचे जावई," मामा म्हणाले. "मशीनं दुरुस्त करतात. आज तर डबाही उघडला नाही."

बाई गेल्या. जावयानं न वापरलेला स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला. मामांनी कॉम्प्युटरवर चादर पांघरली, मग कोपऱ्यातली एक फळी ओढून तिच्यावर पेन्सिलीनं रेघ मारली.

"त्या तुमच्या खुर्चीचा चौथा पाय," ते म्हणाले. "केवढा हवाय?"

"राहू द्या मामा, आहे त्यात..."

"आहे त्यातच करतोय. उंची सांगा."