लंकाबाईची भीती

एस्तेर भिंगारदिवे नगरला सावेडीतल्या एका शाळेत गणित शिकवायची. रविवारी चर्च सुटलं, जेवणं उरकली की भागवत आणि तिचा जुना विद्यार्थी ओम तिच्या घरी यायचे आणि टेबलावर खेळ मांडला जायचा. प्रत्येकाने मनाजोगतं एक पात्र घ्यायचं, त्याच्या तोंडून बोलायचं. गोष्ट एस्तेर पुढे न्यायची. पात्राला एखादी गोष्ट जमली की नाही, ते फासे आणि नियमांचं पुस्तक ठरवायचे.

भागवत मूळचा कर्जतकडचा. एमआयडीसीत लेथ मशीनवर कामाला होता. अंगाने धिप्पाड, मिशा भरघोस, आणि पात्र घेतलेलं लंकाबाई नावाच्या म्हातारीचं. गोफण चालवणारी, रानवाटा ठाऊक असलेली. ओम हसायचा. भागवत म्हणायचा, "बाप्या तर मी रोजच हाय की. रविवारी तरी सुट्टी द्या."

चार वर्षांत त्यांनी तीनदा पुस्तक बदललं. दर पुस्तकाचे नियम निराळे, मोजमापं निराळी. एकातलं अठराचं बळ दुसऱ्यात चारवर यायचं. कुठे पात्राच्या कागदावर गोफणीला रकानाच नसायचा. जुनी पात्रं नव्या नियमांत बसवण्याचं किचकट काम एस्तेरकडे होतं, आणि तिला त्याचा अभिमान होता. "आकडे बदलू देत, माणूस तोच राहिला पाहिजे," असं ती म्हणायची.

गेल्या जूनमध्ये भागवतने वीस बाजूंचा फासा टाकला. चौदा पडले, त्यात लंकाबाईच्या कागदावरचे तीन मिळवायचे होते. तो कागदाकडे बघत राहिला. "चौदा आन् तीन..." म्हणाला आणि पुन्हा फासा उचलला. ओमला वाटलं, गंमत करतोय. मग भागवतचे ओठ थरथरायला लागले.

डोक्यात गाठ निघाली. पुण्याला ऑपरेशन झालं, पण गाठ परत वाढणार हे डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, निकिताला, स्पष्ट सांगितलं होतं.

सप्टेंबरात तिचा फोन आला. "ताई, ते सारखं लंकाबाईचं इचारतात. या ना."

एस्तेरने सोपं पुस्तक शोधलं. चार पानांची लंकाबाई एका पानावर आणली आणि केडगावला त्याच्या घरी खेळ सुरू केला. दिवाळीपर्यंत ते चाललं. मग बेरीज अजिबात नको म्हणून दोन फाशांतला मोठा कोणता एवढंच बघायचं, असे नियम घेतले. ओम दोनदा आला, मग थांबला. "मॅडम, हा खेळ राहिला नाही आता. मला बघवत नाही." एस्तेरला राग आला, पण खोटं काय म्हणत होता तो?

जानेवारीत मोठा-लहानही कळेना. आता आकडेच नसलेले नियम उरले होते. पात्राबद्दल फक्त तीन वाक्यं लिहायची. ती कोरा कागद घेऊन खाटेशेजारी बसली.

"भागवतभाऊ, काय ठेवू? गोफण?"

"गोफन नको."

"रानवाटा?"

त्याने मान हलवली. शब्द सापडायला वेळ लागत होता. "तिला भ्या वाटतं. त्ये ल्ह्या."

"कशाचं?"

"हिरीचं. पयल्या कागदावं हुतं की. तुमी काढून टाकलं."

घरी येऊन तिने फाईल उपसली. सगळ्यात जुन्या कागदाच्या कडेला पेन्सिलीने, त्याच्या वाकड्या अक्षरात लिहिलं होतं: विहिरीत डोकवायला भिते. कुणी संगं असलं तर डोकावते. दुसऱ्या पुस्तकात भीतीला रकाना नव्हता, म्हणून तिने ते गाळलं होतं. भागवतला दिसलं होतं. इतकी वर्षं तो काही बोलला नाही.

पुढच्या रविवारी तिने तेवढंच लिहून नेलं. गोष्टीत लंकाबाई एका विहिरीपाशी आली.

"संगं कोन हाय?" भागवतने विचारलं.

"मी आहे ना."

"तुमी न्हाई. तुमी गोष्ट सांगता."

निकिता स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि खाटेवर बसली. "मी येते," ती म्हणाली. भागवतने तिच्याकडे बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि एस्तेरला हळूच विचारलं, "ह्या कोन?"

मार्चमध्ये तो गेला. तेराव्यानंतर निकिता घर आवरून कर्जतला सासरी निघाली. टेम्पो भरला जात असताना तिने एस्तेरला विचारलं, "ताई, त्या दिवशी ते म्हनत हुते, तुमी काढून टाकलं. काय हुतं?"

"काही नाही गं," एस्तेर म्हणाली. "कागदावरचा एक रकाना."

निकिताने मान डोलावली आणि ती पुढे ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली.