जेद्दातली शीख पलटण

जेद्दाच्या आमच्या वर्कशॉपात एखाद्या दिवशी चहा चुकायचा, पण हरनामसिंगचा पणजोबा कधी चुकला नाही! इंग्रजांच्या काळात तो शीख पलटणीत होता आणि पेन्शनीत नांदेडला येऊन राहिला. आमचा सरदार जनरेटरचा मेकॅनिक, पण नांदेडमुळे बोलायला अस्सल मराठवाडी. मी रत्नागिरीचा, वर्कशॉपातला स्टोअरकीपर. ऐकून ऐकून ती पलटण मलाही पाठ झाली.

*

मुदीर, म्हणजे आमचा इजिप्शियन मॅनेजर, एकदा हेल्मेट घेऊन आला. पगडीवर ते बसेना आणि सरदार पगडी काढेना. महायुद्धात गोऱ्या साहेबाने लोखंडी टोप घालायचा हुकूम सोडला तेव्हा अख्खी पलटण नाही म्हणाली होती, हे त्याने मुदीरला हिंदी-अरबीच्या खिचडीत ऐकवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "तिथं तोफगोळे पडायलते. इथं लई झालं तर पाना पडंल!"

मुदीर हेल्मेट घेऊन परत गेला.

*

एकदा मी चिडवलं. म्हटलं, पलटण पलटण काय करतोस, पणजोबा शेवटी इंग्रजांचाच नोकर! त्याने हातातलं काम थांबवलं.

"आन् तुझा इकामा कुणाच्या हातात हाय?"

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, तो कफीलच्या, म्हणजे सौदी मालकाच्या हातात. त्याचं नाव ओठावर आलं होतं, ते मी चहाबरोबर गिळलं.

*

मग सौदीकरण आलं. हरनामसिंगच्या जागी फहद नावाचा सौदी तरुण नेमला आणि त्याला तयार करायचं काम दिलं हरनामसिंगलाच! फहद शिकला की सरदार घरी, आणि घरी दोन मुली कॉलेजात. आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं, अर्धं शिकव, अर्धं पोटात ठेव. तो भडकला.

"रंगरुटाला अर्धी बंदूक शिकवत नसतेत!"

त्याने फहदपासून हातचं काही राखलं नाही, जोडीला पणजोबाही शिकवला. मला तर त्याचा रागच आला होता.

*

शेवटचा दिवस. फहदला काम अजून पुरतं येत नव्हतं, पण मुदीरला वर दाखवायला सौदी माणूस हवा होता. खलास, किल्ल्या दे, म्हणाला. हरनामसिंग जनरेटरच्या खोलीच्या दारातून हलेना. पलटणीत पहारेकरी साहेबाच्या सांगण्यावरून जागा सोडत नाही, म्हणाला. बदलीचा गडी येऊन स्वतः "मी आलो" म्हणतो, तेव्हाच सोडतो. मुदीर हसला. बदलीचा गडी तर समोरच उभा होता!

हरनामसिंगने किल्ल्या फहदपुढे धरल्या.

फहदने दोन्ही हात खिशात घातले आणि मुदीरकडे बघत म्हणाला, "मी अजून आलेलो नाही."