मूल कोण धरणार?

एसीच्या थंडगार खोलीत मावशीला घाम फुटला होता. एकोणीस वर्षं हीच एक्स-रेची खोली, हेच टेबल, हेच मशीन, आणि आज मात्र हातपाय परक्याच्या घरात शिरल्यासारखे अवघडलेले! कोपऱ्यात परीक्षक बसले होते. मांडीवर कागद, हातात पेन, चेहऱ्यावर हसू म्हणाल तर औषधालासुद्धा नाही.

हजेरीपटावर मावशी मदतनीस. काम मात्र टेक्निशियनचं, बघून बघून शिकलेलं. डिप्लोमावाला नवा टेक्निशियन आला, तेव्हा कोपराखाली प्लेट कशी सरकवायची हे त्याला हिनंच दाखवलं; आणि पगार त्याला हिच्या दुप्पट! मावशीचं डोकंच फिरलं. दोन वर्षं सगळ्या सुट्ट्या घालवून तिनं डिप्लोमाचा अभ्यास केला. लेक पुस्तक घेऊन प्रश्न विचारायची आणि आई चुकली की कपाळावर हात मारून घ्यायची. आज शेवटचं प्रात्यक्षिक होतं. पन्नाशी उलटली की बढती बंद, आणि मावशीला पन्नास पूर्ण व्हायला तीन महिने उरले होते. पुढची परीक्षा वर्षानं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही.

“वीस मिनिटं आहेत,” परीक्षक म्हणाले.

पेशंट निघाला दोन वर्षांचा मुलगा. छातीचा फोटो काढायचा होता. आईच्या कडेवर तो गळा काढून रडत होता. टेबलावर ठेवला की मासोळीसारखा निसटायचा. मावशीनं प्लेट लावली, मशीन खाली घेतलं, आणि सवयीनं त्याचे दोन्ही हात डोक्याशी धरून ठेवले.

परीक्षकांचं पेन कागदावर टेकलं.

अगं बाई! मावशीनं चटका बसल्यासारखे हात सोडले. फोटो काढणाऱ्यानं मूल धरायचं नाही, रोजची किरणं अंगावर नकोत म्हणून त्यानं काचेमागून बटण दाबायचं. मूल धरायचं नातेवाइकानं, शिशाचा एप्रन घालून. लेकीनं हे दहादा घोटून घेतलं होतं.

“ताई, तुम्ही धरा. पण आधी सांगा, दिवस गेलेत का?”

“नाही हो,” आई म्हणाली आणि खाली बघायला लागली.

नऊ मिनिटं उरली होती. ‘नाही’ तर नाही, कागदावर लिहून मोकळं होता आलं असतं. मावशीचा पाय मात्र पुढे पडेना. ती आईच्या कानाशी वाकली. “पाळी चुकलीय का गं?”

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. “दोन आठवडे. घरी कुणाला सांगितलं नाही अजून.”

“मग तू बाहेर थांब, पोरी.”

आता मूल धरणार कोण? बरोबर दुसरं कुणी नव्हतं, आणि परीक्षेत बाहेरच्या सहकाऱ्याला बोलवायची सोय नव्हती. पाच मिनिटं राहिली. मावशीनं खोलीभर नजर फिरवली. मग तिनं खुंटीवरचा एप्रन काढला आणि तडक परीक्षकांपुढे धरला.

“सर, उठा. धरा.”

“मी? मी परीक्षक आहे!”

“तेच म्हणते. माझा हात बटणावर हवा. खोलीत आता तुम्हीच उरलात.”

ते उठले. एप्रनचे पट्टे दोनदा आवळून बघितले. पोरानं त्यांच्या चष्म्यावर लाथ मारली. पोरानं रडताना श्वास आत ओढला, त्याच क्षणी मावशीनं बटण दाबलं. पडद्यावर फोटो आला, अगदी स्वच्छ.

मूल ज्यानं धरलं त्याचं नाव वहीत लिहायचं, असा नियम. परीक्षकांनी सही केली आणि सहज मागची पानं चाळली. मग चाळतच राहिले. प्रत्येक ओळीत एकच शब्द होता, मदतनीस.

“ही कोण?”

“मीच की. ‘धर गं मावशी’ म्हटलं की धरायचं.”

“एप्रन घालून?”

“एप्रन तीन वर्षांपूर्वी आला.”

“आणि किरणं मोजायचा बिल्ला?”

“तो टेक्निशियनला. मदतनीसाला कोण देतंय?”

परीक्षकांनी वही मिटली. मग म्हणाले, “तुम्ही पास आहात.”

हे ऐकल्याबरोबर लेकीला फोन करायचा असं तिनं ठरवलं होतं. पण आनंदाऐवजी तिला संतापच आला; एकोणीस वर्षांत बिल्ल्याचं आज पहिल्यांदा कुणी विचारलं होतं.

“पगाराचे कागद निघतील तेव्हा निघू देत, सर. बिल्ल्याचं मात्र आजच लिहून जा. दोन लागतील.”

“दोन कशाला?”

“एक मला. आणि एक माझ्या जागी जी नवी मदतनीस येईल, तिला.”