तिसऱ्या फ्लॉपीवरचं कुंकू

मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमधला कॉम्प्युटर पंडित खिल्लारे चालवायचा. माणूस आमच्या गावचा, बौद्धवाड्यातला. अंगानं वाळल्या पऱ्हाटीच्या काटकीसारखा, बोलायला कमी. परभणीला टायपिंग शिकला आन जिनिंगला लागला. जिनिंगच्या मालकानं, बन्सीधरशेटनं औरंगाबादहून कुणाचं तरी वापरून टाकलेलं यंत्र आणलं, त्याच्या पुढ्यात ठिवलं आन मनले, "चालीव." त्यानं चालवलं. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजनाची पावती टर्रर्र करत बाहेर पडायची.

पंडितला एक खोड होती. कामाच्या वस्तूची दुसरी जोडी करायची आन ती लांब, दुसऱ्याच जागी ठेवायची. अठ्ठ्याहत्तरला विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलं तवा त्याच्या बापाचं छप्पर जळालं. दप्तर, शाळेचे दाखले, सगळं राख. कुणी जाळलं ते गावाला ठावं हाय. गाव बोलत न्हाई. खोड तवापासूनची. कॉम्प्युटरला जागं करणारी जी मूळ व्यवस्था असती तिला डॉस मनायचे. ती पातळ काळ्या चौकोनी फ्लॉप्यांवर यायची. पंडितनं त्या फ्लॉप्यांची नक्कल केली, कुणी वर दुसरं काही लिहू नये मनून कडेच्या खाचा चिकटपट्टीनं बुजवल्या, आन घरी पत्र्याच्या पेटीत ठिवून दिल्या.

त्र्याण्णवचा दसरा आला. नामांतराचं परत तापायलं होतं. टपरीवर पंडित चहाला गेला की बोलणारे गप व्हायचे आन कपात बघायचे.

दसऱ्याला जिनिंगमधल्या समद्या यंत्रांची पूजा मुनीम व्यंकटरावांच्या हातची. काटा झाला, गाठी बांधायचा प्रेस झाला, कॉम्प्युटरला हार घातला. औरंगाबादच्या माणसानं नव्या डॉसच्या फ्लॉप्या पाठवल्या होत्या, त्याबी पाकिटातून काढून पाटावर मांडल्या.

"मुनीमजी, त्या पाकिटातच राहू द्या," पंडित दारातून मनला.

"कामून रे? कुंकवाचा इटाळ हुतो का तुला?"

सगळे हसले.

दुसऱ्या दिवशी शेटचा हुकूम आला, कापसाची गर्दी व्हायच्या आत नवी डॉस घाल. पंडितनं घाईत फ्लॉप्या कपड्यानं वरच्यावर पुसल्या आन एकामागं एक आत सारल्या. पहिली गेली, दुसरी गेली. तिसरीला यंत्र घरघरलं, दाताखाली खडा आल्यासारखं, आन थांबलं. बंद करून चालू केलं तर पडद्यावर नुसता काळोख. नवी डॉस आली न्हाई, जुनी गेली.

बाहेर गाड्यांची रांग लागली. बैल सोडून शेतकरी शिव्या द्यायले.

"दसऱ्याला तोंड पाडून दारात उभा होता," व्यंकटराव शेटला मनले. "मी तवाच वळखलं."

"पंडित, दिवस मावळायच्या आत काटा चालू झाला पाह्यजे," शेट मनले. "न्हाईतर उद्यापून येऊ नको."

"येऊ नको मनून भागंल का, शेटजी?" व्यंकटराव हळूच मनले. "पूजा केलेलं यंत्र यानं मोडलं, ही खबर याच्या गावात गेली तर..."

पंडितनं तिसरी फ्लॉपी काढली आन उजेडात धरली. फ्लॉपीला खाली एक लांबट खिडकी असती, यंत्र तिथूनच वाचतं. त्या खिडकीत कुंकवाचं बोट उमटलेलं. ओलं लावलेलं, वाळून आत शिरलेलं, वर अक्षतेच्या दाण्याचा चुरा चिकटलेला. त्यानं ती फ्लॉपी सदऱ्याच्या आत घातली आन सायकलवर टांग मारली.

घरी बायको पंचफुला तुरीची डाळ पाखडायली होती. त्यानं कुंकवाची फ्लॉपी तिला दाखवून पेटी उघडली तसं तिनं सूप खाली ठिवलं.

"आवं, ही दाखवा की शेटला. तुमची काय चूक हाय?"

"दाखवली तर चूक कुणाची ठरंल?"

"मुनीमाची."

"न्हाई. कुंकवाची. आन ते कुणाच्या तोंडून?"

पंचफुलानं वर छपराकडं बघितलं. मंग परत सूप हातात घेतलं.

पंडित पेटीतल्या जुन्या डॉसच्या फ्लॉप्या घेऊन जिनिंगला आला. आधी स्पिरिटमधी कापूस बुडवून यंत्राचं तोंड आतून पुसलं. बोंडाएवढा बोळा लालभडक निघाला, तो त्यानं खिशात घातला. जुनी डॉस लावून यंत्र उठवलं. आतली वजनं जित्ती होती, ती कोऱ्या फ्लॉप्यांवर काढून घेतली. मंग सगळं पुसलं, जुनी डॉस नव्यानं बसवली, वजनं परत भरली आन यंत्राच्या पुढच्या कुलपाची किल्ली फिरवून बघितली. दिवस कलता कलता पहिली पावती टर्रर्र करत निघाली.

"शाब्बास!" शेट हसले. "काय झालतं रं?"

"तिसरी फ्लॉपी खराब होती. तिकडूनच तशी आली असंल."

"आन ह्या कुठून आणल्यास?" व्यंकटरावांनी इचारलं.

"घरून."

"घरून? मंजी यंत्र मोडायच्या आधीच दुरुस्तीचं सामान घरी तयार?"

शेटचं हसणं तिथंच थांबलं. काटा मारणाऱ्या माणसाकडं बघावं तसं ते पंडितकडं बघायले. मंग हात पुढं केला.

"ठीव इथं. किल्लीबी. तिजोरीत राहतील, मुनीमजीच्या ताब्यात."

"शेटजी, एक जोडी माझ्यापाशी असू द्या."

"कामून?"

जवाब पंडितच्या सदऱ्याच्या आत होता. पोटाला कुंकवाच्या फ्लॉपीची कड टोचायली होती. त्याचा हात तिथवर गेला आन खाली आला.

"असंच," तो मनला.

नौकरी राहिली. दिवाळी आली. लक्ष्मीपूजनाला व्यंकटरावांनी तिजोरी उघडली, पाट मांडला, किल्ली ठिवली. मंग जुन्या फ्लॉप्या पाकिटातून एकेक काढून ओळीनं लावल्या. पंडित दारात उभा होता. ह्या खेपेला तो काही बोलला न्हाई.

व्यंकटरावांनी पाण्यात कुंकू कालवलं, बोट बुडवलं आन मान वर केली.

"लांब कामून उभा रे? ये, म्होरं ये. उद्या काई झालं तर तूबी हितंच होतास."