विहीणबाई गाता गाता थांबतात

बोलून गोंधळात टाकणारी माणसं पुष्कळ असतात. गप्प राहून गोंधळात टाकावं ते आमच्या विहीणबाईंनीच. त्या व्हेनेझुएलाच्या. लोकगीतं गाणाऱ्या, ढोल बडवणाऱ्या. लेकीने कार्डिफच्या हॉस्पिटलात नोकरी धरली, तिथेच त्यांच्या मुलाशी लग्न केलं, आणि इकडे लंडनच्या हाउन्सलोत बसून मानपानाची तयारी करणाऱ्या माझ्या पदरात ही विहीण पडली. इंग्रजीत ह्या नात्याला शब्दच नाही. त्यांच्या स्पॅनिशमध्ये मात्र आहे, हे कळल्यावर मला फार धीर आला. पहिल्या भेटीत मी त्यांना पैठणी दिली. त्यांनी ती तिथल्या तिथे ढोलाला गुंडाळली. "ढोलाला थंडी वाजते," जावयाने भाषांतर केलं. ओलसर हवेत कातडं सैल पडतं म्हणून हीटरजवळची जागा ढोलाची, विहीणबाई स्वेटर घालून कोपऱ्यात. रमचा पहिला घोटही त्याचाच. मानपान नेमका कोणाचा करायचा, हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांच्या कारकिर्दीचंही तेच, नीट काही कळत नाही. समुद्रकाठच्या त्यांच्या गावात ढोल पुरुषांनी वाजवायचा. विहीणबाईंनी लहानपणीच तो वडिलांच्या हातून ओढून घेतला. पुढे गावोगावच्या जत्रा, रेडिओ, मग कुठल्याशा मंत्र्यासमोर कार्यक्रम. त्या सांगतात तेव्हा एका खेपेला तो मंत्री नाचतो, दुसऱ्या खेपेला झोपतो. पण मला खरी काळजी वेगळीच होती. त्या एक ओळ गायच्या आणि थांबायच्या. भिंतीकडे बघत राहायच्या. मग पुढची ओळ, पुन्हा शांतता. लेकीची बाळंतपणाची रजा संपली, की बाळ दिवसभर त्यांच्याकडे राहायचं होतं.

"अगं, त्या विसरतात. बाळाला एकटं ठेवू नकोस. मी येऊन राहते."

"आई, प्लीज! मागच्या वेळी ओव्हन चालू ठेवून ट्रेन पकडायला कोण गेलं होतं?"

"ओव्हनचं वेगळं."

"आणि बाबांना जेवायला कोण देणार?"

बाबांचा विषय निघाला की मी हरतेच.

बारशाला महाराष्ट्र मंडळातल्या चार-पाच बायका आल्या. आमचा पाळणा म्हणून झाला, तशा विहीणबाई ढोल घेऊन बसल्या. एक ओळ गायल्या. थांबल्या. मी लेकीकडे 'बघ' अशा नजरेने पाहिलं. तेवढ्यात पाळण्याच्या नादातून अजून बाहेर न आलेल्या बायकांनी एका सुरात "जो बाळा जो जो रे जो" म्हटलं. विहीणबाईंचा हात ढोलावर असा पडला, की बाळ दचकलं. त्यांनी दुसरी ओळ टाकली. आम्ही पुन्हा जो जो. त्या हसत होत्या आणि डोळे वाहत होते.

"गावात एक जण गातो, बाकी सगळे उत्तर देतात," जावई म्हणाला. "इथे कोणीच देत नाही."

मग बाळ त्यांच्याकडेच राहिलं. आता दुपारी फोन करते. त्या एक ओळ गातात, थांबतात. आमचे हे जवळपास नाहीत ना, ते बघून मी जो जो म्हणते. परवा मी तोंड उघडलं, तर माझ्याआधी पलीकडून बाळानेच हुंकार दिला. विहीणबाई पुढच्या ओळीला गेल्यासुद्धा.