मॅनेजर, चार कोच आणि आई

आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे नेदरलँड्समधल्या बेस्ट गावी आली आणि दुसऱ्याच आठवड्यात कंटाळली. तसं तिनं बोलून दाखवलं नाही. पण डाळींचे डबे दोनदा धुऊन झाले, माझ्या नवऱ्याच्या सगळ्या शर्टांची बटणं तपासून झाली. एका सकाळी मी घरूनच ऑफिसच्या मीटिंगमध्ये होते. मान वर करून खिडकीतून पाहिलं, तर ती मागच्या अंगणात दोन कुंड्यांमधलं अंतर पावलांनी मोजत होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, सहज.

ही मोजण्याची सवय जुनी. सांगलीत मुलींच्या शाळेत आईनं तीस वर्षं खो-खो शिकवला. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी मोकळी जागा दिसली की दोन खांब कुठे रोवता येतील ते ती बघतेच.

त्या शनिवारी तिला आणि माझ्या अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन मी क्रिंगलोपमध्ये गेले. क्रिंगलोप म्हणजे जुन्या वस्तूंचं दुकान. आईला स्वयंपाकघरात बसून भाजी निवडायला बुटकं स्टूल हवं होतं. स्टूल लगेच मिळालं. मी ते घेऊन गल्ल्याशी आले, तर आई तिथल्या जुन्या पोस्टकार्डांच्या खोक्यात बोटं घालून उभी होती. तिच्या हातात बेसबॉलचं एक कार्ड होतं, खेळाडूंचे फोटो छापून जमवायला विकतात तसलं. पत्त्याच्या पानाहून जरा मोठं, कोपरे मऊ पडलेले. डावीकडे टोपी घातलेल्या एका माणसाचा मोठा फोटो, आणि उजवीकडे चौघांचे नुसते चेहरे, एकाखाली एक. पाचही जण पन्नाशीच्या पुढचे, उन्हात डोळे बारीक केलेले.

"यातला खेळणारा कोण?" आईनं विचारलं.

मी मागचा मजकूर वाचला. हा मॅनेजर, ते चार त्याचे कोच, खेळणारं कुणीच नाही. खेळाडूंची वेगळी कार्डं असतील, असं मी म्हटलं.

"म्हणजे शिकवणाऱ्यांचं स्वतंत्र काढलंय?" ती म्हणाली, आणि चष्मा पुसून पुन्हा बघू लागली.

आमच्या सांगलीच्या घरात शोकेसमध्ये तिच्या संघांचे सहा-सात फोटो आहेत. पुढच्या खुर्च्यांवर संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापिका आणि पाहुणे, मागे मुली, आणि आई अगदी कडेला. एका फोटोत तर तिचा एक खांदा चौकटीबाहेर गेलाय. लहानपणी मी त्या फोटोंत फक्त ढाल बघायचे. तो खांदा मला त्या दुकानात उभ्या-उभ्या आठवला.

गल्ल्यावरच्या बाई सत्तरीच्या होत्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. दुकानात आठवड्यातून दोन दिवस स्वेच्छेनं काम करायच्या. त्यांनी सांगितलं की अमेरिकेत नोकरी करून आलेल्या कुणाच्या तरी घरातून ते खोकं आलं. खेळाडूंची कार्डं लोकांनी केव्हाच उचलली, म्हाताऱ्यांचं तेवढं उरलं. कार्डावरचा संघ तेव्हा लीगमध्ये नव्यानंच घेतलेला होता, हेही त्यांना ठाऊक होतं. जुने संघ ज्यांना सोडायला तयार असतात, असे खेळाडू गोळा करून नवा संघ उभा करायचा. पहिली काही वर्षं मग नुसतं हरायचं.

मी हे आईला मराठीत सांगितलं. तिला त्यात नवीन काही वाटलं नाही. "आमच्या शाळेतपण तेच. उंच मुली व्हॉलीबॉलला जायच्या, राहिलेल्या माझ्याकडे," ती म्हणाली.

आई काय शिकवायची, असं त्या बाईंनी विचारलं. खो-खो इंग्रजीत समजावता-समजावता मी अडकले. तेव्हा आईनं मला आणि मुलीला दोन कपाटांच्या मधे उकिडवं बसवलं, ओढणी कमरेला बांधली आणि आमच्यामधून नागमोडी पळून दाखवलं. लोक थांबून बघायला लागले. मुलगी डच भाषेत मला विनवत होती की हिला थांबव. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर ती डचमध्येच देते.

त्या बाई मात्र गंभीरपणे बघत होत्या. त्या स्वतः सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलचाच धाकटा भाऊ, खेळलेल्या होत्या आणि क्लबमध्ये मुलींना शिकवत होत्या. त्या वर्षी क्लबनं मुलींचा एक जादा संघ काढला होता. दोन संघांत न मावलेल्या आणि कधी चेंडूला हातही न लावलेल्या अशा मुली त्यात होत्या. बुधवारी दुपारी येऊन बघा, त्या म्हणाल्या. कार्ड त्यांनी स्टुलाबरोबर तसंच देऊन टाकलं. ते आईच्या औषधांच्या डब्यात गेलं.

आई बुधवारी सायकलवर निघाली. इथल्या सायकलींना पेडल उलटं फिरवलं की ब्रेक लागतो. हे कळेपर्यंत ती दोनदा कुंपणाला जाऊन टेकली. दुभाषी म्हणून मुलीला बरोबर पाठवलं. ती कुरकुरत गेली.

पहिले दोन बुधवार आई नुसती बाकावर बसून बघत होती. तिसऱ्या बुधवारी तिनं दुकानातल्या बाईंना विचारलं की पळणारी मुलगी मधेच उभी राहून रडवेली का होते. बाईंनी समजावलं, बेस म्हणजे पळताना गाठायची ठाणी; दोन बेसच्या मधे पळणारी सापडली की दोन्हीकडून तिला कोंडतात, आणि चेंडू अंगाला लावला की ती बाद. क्लबच्या मुली अशा वेळी जागच्या जागी थिजायच्या.

"आपल्याकडे पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, इथं येतं. म्हणजे फसवणं अवघड आहे. पण फसतात सगळेच," आई म्हणाली.

मग तिनं हुलकावणी शिकवायला घेतली. नजर एकीकडे, खांदा दुसरीकडे, अर्धं पाऊल टाकून तेच मागे घ्यायचं. शब्द तिच्या तोंडून मराठीत निघायचे आणि माझ्या मुलीच्या तोंडून डचमध्ये. थोड्या वेळानं आई तिला म्हणाली, नुसतं सांगू नकोस, करून दाखव. खेळाच्या तासाला पोट दुखणारी माझी मुलगी त्या दिवशी मातीनं माखून घरी आली. शाळेतल्या सवयीनं आईनं सांगितलं तसं मुली तिला 'बाई' म्हणायला लागल्या. ते तिचं नाव आहे, असा त्यांचा समज होता.

जूनमधल्या पहिल्या सामन्यात एक उंच मुलगी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे सापडली. तिनं इतकी झकास हुल दिली की समोरची मुलगी भलतीकडेच गेली. पण पंचांनी तिला बाद दिलं, कारण ती वाट सोडून फार बाहेर पळाली होती. आई सरळ पंचांकडे गेली. मी घाबरून मागे धावले, पण तिला भांडायचं नव्हतंच. किती बाहेर चालतं, एवढंच तिला हवं होतं. पंच सज्जन होते. त्यांनी हातांनी दाखवलं, दोन्हीकडे तीन-तीन फूट.

त्या आठवड्यात आमच्या अंगणात फरशीवर खडूच्या रेघा आल्या. आजी आणि नात त्या पट्ट्यात जेवणाची हाक येईपर्यंत एकमेकींना चकवत होत्या. बुधवारी तसाच पट्टा मैदानावर आखला.

पुढचा सामनाही आम्ही दणकून हरलो. पण ती उंच मुलगी पुन्हा सापडली आणि या वेळी पट्ट्यातल्या पट्ट्यात तिनं दोघींना चार वेळा फिरवलं. शेवटी त्यांच्या हातून चेंडू निसटला आणि ही धावत शेवटच्या, घरच्या बेसवर पोचली; एक धाव मिळाली. दुकानातल्या बाईंनी आईला कडकडून मिठी मारली. अशी सवय नसल्यामुळे आई काठीसारखी ताठ उभी राहिली, पण हसत होती. परतताना सायकलवर ती माझ्या पुढे होती.

व्हिसा संपला आणि आई सांगलीला परतली. मुलगी आता त्याच संघात खेळते, आणि दर रविवारी आजीला फोन करते. आजीला डच येत नाही, आणि सामन्याचा तपशील माझ्याकडून ऐकणं तिला मान्य नाही. त्यामुळे मुलीला मराठीतच सांगावं लागतं.

मागच्या रविवारी ती म्हणाली, "आजी, मी मरले."

"बाद झाले म्हण."

"बाद झाले. पण खूप उशिरा."

मग किती पावलांवर, कुठल्या बाजूला, नजर कुठे होती, अशी चौकशी सुरू झाली. मी कणीक मळायला घेतली.