चार बुचांवरचा लॅपटॉप

माझ्या बायकोच्या मामांचा हात लागल्याशिवाय मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आमच्या नात्यातला एकही लॅपटॉप धड चाललेला नाही, हे मी छातीठोकपणे सांगतो. मामा विक्रोळीच्या कारखान्यात मेंटेनन्सला होते. ते निवृत्त झाले, मामी गेल्या आणि कांदिवलीच्या घरात एकटा उरलेला हा माणूस नातेवाइकांच्या लॅपटॉपांवर तुटून पडला.

नवीन घ्यायला मामा बरोबर असले की दुकानदाराची खैर नसे. तो बिचारा रंग आणि कॅमेरा यांचं कौतुक करत असताना मामा लॅपटॉप उचलून कानाला लावत, मग पालथा घालून त्याच्या पोटावर हात ठेवत. "मागचे स्क्रू कुठच्या मापाचे रे?" "अंकल, खोलायचं नाही, वॉरंटी जाईल ना." "मेल्या, जो उघडतच नाही तो दुरुस्त कसा करणार?" आमचा लॅपटॉप त्यांनी असा स्क्रू बघून पसंत केला. दिसायला तो पोळपाटासारखा होता, पण चालायचा झकास.

घरी आणल्यावर खरे संस्कार सुरू होत. जादा रॅम बसे, जुनी हार्ड डिस्क जाऊन एसएसडी येई, दाढीच्या ब्रशने पंख्याची धूळ निघे. शेवटी सोड्याच्या बाटल्यांची चार बुचं खाली ठेवून मामा लॅपटॉप त्यांवर उभा करत. "मशीनाक पण श्वास लागता रे," असं त्या वेळी हमखास म्हणत. उघडे टॅब मात्र त्यांना बघवत नसत. एकदा गणपतीला गावी जायचं रेल्वेचं तिकीट बायको काढत होती. पेमेंटचं चाक गरगरत होतं, आणि मामांनी मागून येऊन तो टॅब बंद केला. "उगाच भार कशाला?" आम्ही एसटीने हाडं खिळखिळी करत कणकवलीला गेलो. मामाही होते बरोबर, शेवटच्या सीटवर. घाटात त्यांनी विचारलं, "पण लॅपटॉप गरम नाही ना झाला?"

मग आमच्या मुलीने, सईने, स्वतःच्या पगारातून ऑनलाइन लॅपटॉप मागवला. वहीएवढा पातळ, रॅम आत कायमची जोडलेली, उघडायची सोय नाही. मामांनी तो कानाला लावला. "पंखो खंय?" "पंखाच नसतो त्याला, मामाआजोबा." मामांनी बुचं परत खिशात टाकली. हळूहळू सगळ्यांकडे असलेच लॅपटॉप आले आणि मामांना बोलावणं येईनासं झालं. नुसतं जेवायला या म्हटलं, तर "बघू" म्हणायचे आणि यायचे नाहीत. मला फार वाईट वाटायचं.

शेवटी सईनेच फोन लावला. "मामाआजोबा, लॅपटॉपची पार वाट लागलीय हो. जाम स्लो झालाय." रविवारी सकाळी मामा पिशवी घेऊन हजर. त्यांनी लॅपटॉप चालू केला. तो डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झाला. मामा पडद्याकडे बघत राहिले, मग सईकडे. सई चहाच्या कपात बघत होती.

"हो गं," मामा म्हणाले, "जरा धापा टाकतोय खरा. पुढच्या रविवारी परत बघायला लागेल."

मशीनबद्दल खोटं बोलताना मी मामांना तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सईचा तो बिनपंख्याचा लॅपटॉप आजही चार बुचांवर उभा आहे.